टाचेत काच नव्हती

आमच्या घरात कोणी लंगडलं की पहिला संशय काचेवर. खाली आरशांचा कारखाना, वर आमच्या खोल्या. माझे सासरे, म्हणजे बाबा, आरसे कापतात, कडा घासतात, चौकटीत बसवतात. नवरा ते गाडीत उभे बांधून सलूनमध्ये, कपड्यांच्या दुकानांत, लोकांच्या बेडरूममध्ये नेऊन भिंतीवर चढवतो. लग्न करून इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, आता येता-जाता स्वतःकडे बघायची सवय लागणार. झालं उलटंच. या घरातली माणसं सारखी जमिनीकडे बघतात. झाडू दोनदा फिरतो, मग ओलं फडकं, मग कोणीतरी उकिडवं बसून उजेडाच्या रेषेत फरशी न्याहाळतं. पलंगाखाली चपला, न्हाणीघराच्या दाराशी चपला. माझी मुलगी चालायला लागली ती बुटातच.

तिचं नाव चांगलं ठेवलंय, पण बाबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि ते खरं नाव शाळेपुरतं उरलं. एका जागी ठरेल तर शपथ. म्हणूनच ती पळेनाशी झाली ते माझ्या लगेच लक्षात आलं. आधी ती जिना आडवी उतरायला लागली, कठडा धरून. मग उभी राहिली की डावी टाच वर. मग मी तिचे बूट उलटे करून पाहिले. उजव्याची टाच झिजलेली, डाव्याची जवळजवळ कोरी.

"तू पोलिसात जायला हवं होतंस," नवरा म्हणाला.

"तू आधी तिचा पाय बघ."

टाचेवर एक कडक गाठ होती, मसुराएवढी, आणि तिच्यात बारीक काळे ठिपके. बाबांनी तिला कामाच्या टेबलावर बसवलं, दिवा खाली ओढला, डोळ्याला भिंग लावलं. टाच इकडून तिकडून वळवून पाहिली.

"काच आहे," ते शेवटी म्हणाले. "मागचा रंग दिसतोय."

आरशाच्या पाठीला गडद रंगाचा थर असतो. आरसा फुटला की त्याचा चुरा एका बाजूने चमकतो, दुसऱ्या बाजूने काळपट दिसतो. काळे ठिपके म्हणजे उपडे पडलेले कण. दुसऱ्या कुठल्याही घरात हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. आमच्या घरात कोणाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

मग सुई आणि चिमटा. मी दिवा धरायचे, नवरा गुडघे धरायचा आणि बाबा टोकरायचे. "झालं हं, झालं, आता नाही दुखणार," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे आणि प्रत्येक वेळी दुखायचं. रक्त यायचं. कधी एखादा कण सुटून चिमट्यात यायचा, बाबा तो दिव्यासमोर धरून फिरवायचे. चमकायचा नाही. "फारच बारीक आहे," असं म्हणून पुन्हा वाकायचे. काही आठवड्यांनी त्या गाठीशेजारी दुसरी आली, मग तिसरी, मग टाचेच्या कडेला लहान लहान ठिपक्यांची रांगच.

"तुकडे सरकतायत आत," बाबा म्हणाले.

मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे. पण त्या एका वाक्याने माझं सगळं शिक्षण फळ्यावरून पुसल्यासारखं गेलं. मला तिच्या रक्तातून वर वर चाललेला एक काळा कण दिसायला लागला. शाळेतून फोन आला की उचलायच्या आधीच मी पिशवी खांद्याला अडकवायचे.

भिंगरीने तोवर तिचा मार्ग काढला होता. ती पाय कोणालाच देईना. झोपताना मोजे, अंघोळीला पाय बादलीबाहेर. मी टॉवेल घेऊन पुढे झाले तरी तो पाय मांडीखाली जायचा. बाबा दारात दिसले की ती भिंतीकडे सरकायची. पूर्वी त्यांच्या खांद्यावर बसून आरशांच्या रांगेतून 'इथे पण मी, तिथे पण मी' करत फिरणारी पोर ती. कारखान्यातून काच कापल्याचा तो करकर आवाज कमी यायला लागला.

डॉक्टरांकडे जायची वेळ आणली ती पोहण्याच्या बाईंनी. भिंगरी आठवड्यातून दोनदा पोहायला जायची. तिथला तलाव म्हणजे माझ्या जिवाला विसावा होता, कारण तिथे काच नव्हती. तिला अनवाणी सोडायची माझी तेवढी एकच जागा. बाईंनी काठावर तिचा तळपाय पाहिला आणि म्हणाल्या, "हे पायाच्या डॉक्टरांना दाखवून आणा. मगच पाण्यात."

पायाचे वेगळे डॉक्टर असतात हेच मला माहीत नव्हतं.

बाबांसकट आम्ही सगळेच गेलो. या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या खोलीतली खुर्ची बघून भिंगरी लंगडायची विसरली. पेशंट उंचावर बसतो, एखाद्या राणीसारखा, आणि डॉक्टर खाली छोट्या चाकाच्या स्टुलावर. पाय बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येतात. कपाटावर प्लास्टरची पावलं मांडलेली, सपाट, कमानदार, वाकड्या अंगठ्यांची. एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त पाय बघतो, याचं मला उगीच नवल वाटत राहिलं.

"मी हात लावणार नाही," डॉक्टर भिंगरीला म्हणाल्या. "लांबून बघू?"

भिंगरीने विचार केला. "किती लांबून?"

"तू सांग."

तिने दोन्ही हात पसरून अंतर दाखवलं. डॉक्टर खरोखर तेवढ्या अंतरावर थांबल्या आणि दांड्यावरचं दिव्याचं भिंग मध्ये आणलं. पाय मोज्यातून बाहेर आला.

"काच नाही ही," त्या म्हणाल्या.

"आहे," मागून बाबा म्हणाले. "मी आयुष्यभर काच काढतोय बाई. मागचा रंग ओळखू येतो मला."

"तो रंग नाही आजोबा, रक्त आहे. सुकलेलं." त्यांनी भिंग बाबांकडे वळवलं. "या चामखिळी आहेत. हातावर येतात त्याच. तळव्यावर आल्या की आपल्याच वजनाने आत दाबल्या जातात, म्हणून चालताना खडा रुतल्यासारखं होतं. वाढायला त्यांना रक्त लागतं, म्हणून बारीक रक्तवाहिन्या त्यांच्यात शिरतात. त्यांची टोकं गोठतात, तेच हे काळे ठिपके."

बाबा वाकून बघत राहिले.

"आणि टोकरलं की पसरतात," डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष नव्हता, पण खोलीत तो आपोआप येऊन बसला.

"पण आल्या कुठून?" मी विचारलं. "ती घरात कधीच अनवाणी नसते."

"घराबाहेर? ओल्या फरशीवर, जिथे बरेच लोक अनवाणी असतात?"

तलाव. तलावाची न्हाणी. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि, देव त्याचं भलं करो, तलावाचं नाव काढलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या की एखाददुसरी असती तर औषध लावत हळूहळू गेली असती, पण आता इतक्या आहेत आणि मूल पाऊलच टेकत नाहीये, तर लेसरने काढाव्यात. एकदा बसलं की सगळ्या. मात्र आधी टाच बधिर करावी लागेल, ते इंजेक्शन तळव्यावर चांगलंच झोंबतं, आणि नंतर पाय अगदी स्थिर हवा. तिने पाय ओढला तर किरण भलतीकडे जाईल. "ती देणार नसेल तर मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन करू. तेही नेहमीचंच आहे."

नेहमीचं त्यांना. माझ्यापुढे एक पांढरी खोली आली आणि तिच्यात माझी मुलगी, मिटल्या डोळ्यांनी, माझ्या हाकेपलीकडे. मी भिंगरीकडे पाहिलं. तिने मोजा घोट्यापर्यंत ओढून घेतला होता. म्हणजे सगळं तिच्यावर होतं. एका सहा वर्षांच्या मुलीने, जिला आम्ही तिघांनी मिळून शिकवलं होतं की पाय धरणारा माणूस दुखवतो, तिने तो पाय एका परक्या बाईच्या हातात द्यायचा होता.

निघताना बाबांनी नमस्काराला हात जोडले, तेव्हा डॉक्टर त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. "हे काय आहे?"

"घट्टा आहे. हिरकणीने काच कापतो ना, तिथे दाब पडतो."

त्यांनी भिंगाखाली अंगठा घेतला. "घट्टा नाही. हीसुद्धा चामखीळ. नातीची लागलीये तुम्हाला."

भिंगरी उंच खुर्चीवरून पुढे वाकली. कित्येक आठवड्यांत ती पहिल्यांदाच बाबांशी थेट बोलली. "माझी? माझी तुम्हाला आली?"

"आली की गं," बाबा म्हणाले.

"परत नाही देता येणार हां."

*

ठरलेल्या दिवशी लेसरच्या खोलीत गेलो. लहान खोली, खिडकीवर काळी फळी. दारावर दिवा लागला की कोणी आत यायचं नाही. मध्ये यंत्र, उंच कपाटासारखं, आणि त्याच्या डोक्यातून निघालेला एक लांब हात. त्याला कोपर, मनगट, मग आणखी एक मनगट. टोकाशी पेनासारखी धरायची दांडी. नर्सने हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशावर जाड कापड टाकलं आणि कडा चिकटवून घेतल्या.

बाबांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. "आरसा का झाकता?"

"चुकून किरण त्याच्यावर पडला तर परत फिरेल," डॉक्टर म्हणाल्या. "कोणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. या खोलीत चमकणारं काही उघडं ठेवत नाही आम्ही."

बाबांनी मान डोलावली. हे त्यांना पटलं. मग त्यांनी तो लांब हात खालपासून वरपर्यंत पाहिला. "किरण तर सरळ जातो. मग या कोपरातून वळतो कसा? वायर आहे का आत?"

"वायर नाही, आत पोकळ आहे." डॉक्टर हसल्या. "आरसे आहेत. प्रत्येक सांध्यात एक. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असा तो टोकापर्यंत येतो. आम्ही हात कसाही वळवला तरी."

बाबा त्या यंत्रासमोर उभे राहिले. त्यांना मी पंचवीस-पंचवीस फुटांच्या आरशांच्या भिंती उभ्या करताना पाहिलंय, पण असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. पेन्शनरांसारखे हात मागे बांधलेले, मान किंचित वर.

"कुठेही वळवलं तरी," ते म्हणाले. "म्हणजे केसभरसुद्धा हलता कामा नये त्यातला एकही." थोड्या वेळाने, "कोण बसवतं हे?"

"कारखान्यात बसवतात. मलाही माहीत नाही कोण ते."

त्यांचं बोट नकळत त्या कोपराकडे गेलं. "हात लावू नका," नर्स म्हणाली आणि बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात मागे घेतला. भिंगरी खुदकन हसली.

मग ते खुर्चीशी आले आणि म्हणाले, "आधी माझं करा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंगरीकडे, आणि काय ते समजल्या. "बसा."

आम्हा सगळ्यांना जाड चष्मे दिले. भिंगरीचा तिच्या नाकावर ठरेना, म्हणून नर्सने मागून पट्टी आवळली. ती माझ्या मांडीवर बसून आजोबांच्या अंगठ्याकडे बघत होती. सुई पुढे आली. मला वाटलं आता बाबा म्हणतील, काही नाही, मुंगी चावते तेवढं. सगळेच तसं म्हणतात. मीसुद्धा घरून तेच वाक्य पाठ करून आले होते.

"दुखतंय," बाबा म्हणाले.

भिंगरी ताठ झाली.

"खूप दुखतंय गं. जळजळ होतेय." त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो काही नाटकाचा नव्हता. "अजून दुखतंय. अजून... आता थोडं कमी. आता जड वाटतंय. आता..." त्यांनी दुसऱ्या हाताने अंगठा टोचून पाहिला. "आता माझा नाहीच वाटत तो. दुसऱ्या कोणाचा तरी चिकटवलाय."

"खरं?" भिंगरीने विचारलं.

"यावेळी खरं."

ते 'यावेळी' ऐकून मी चष्म्याआड डोळे मिटून घेतले.

बाबांचं काम पटकन झालं. भिंगरी मांडीवरून उतरली, स्वतः खुर्चीवर चढली, मोजा काढला आणि तो मला न देता बाबांना दिला. "मला पण तसंच सांगायचं," ती डॉक्टरांना म्हणाली. "दुखणार असेल तर दुखणार म्हणायचं."

"दुखणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी दहा म्हणेपर्यंत. मग नाही."

ती रडली. मोठ्याने रडली, माझा दंड तिने इतका आवळला की नखं उमटली. पण पाय ठेवला. मी त्या पायाकडे बघत होते. बोटं आत वळली, थरथरली, घोटा मात्र जिथे होता तिथेच राहिला. मांजर दिसलं तरी किंचाळणारी ही पोर हे बळ कुठून आणतेय, मला कळेना. दहानंतर ती हुंदके देत म्हणाली, "आता चिकटवलेला झाला."

डॉक्टरांनी तो लांब हात खाली घेतला. टाचेवर एक लाल ठिपका आला, साखरेच्या दाण्याहून लहान.

"हा लेसर?" मी विचारलं.

"हा फक्त वाट दाखवणारा. काम करतो तो दिसतच नाही."

त्यांनी पायाखालचं बटण दाबलं. लाल ठिपका होता तिथे बारीकसा चर्र आवाज झाला आणि धुराची एक रेघ उठली. नर्सने धरलेल्या नळीने ती लगेच ओढून घेतली. जळक्या केसांचा वास आला. रक्त नाही. आम्ही इतके दिवस दर वेळी रक्त काढलं होतं आणि इथे एक थेंब नाही. कातडीतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि रक्तवाहिन्यांची तोंडं जागच्या जागी मिटतात, असं डॉक्टर काम करता करता सांगत होत्या. मी ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. जे दिसत नव्हतं ते एका आरशावरून दुसऱ्यावर उडी मारत, कुठेही न सांडता, माझ्या मुलीच्या टाचेपर्यंत येत होतं आणि आजारी तेवढं उचलून नेत होतं. थर निघत होता, डॉक्टर ओल्या कापसाने पुसत होत्या, पुन्हा बघत होत्या, पुन्हा ठिपका. घाई कुठेच नव्हती. एक काळा बिंदू गेला. मग शेजारचा. ज्यांच्यासाठी आम्ही सुया मोडल्या, ते दिवा विझावा तसे विझत होते.

मी भीतीने आले होते. त्या खोलीत कधीतरी ती माझ्यापासून सुटली, मला कळलंही नाही. उरलं ते फक्त बघणं. कोणीतरी कधीतरी उजेडाला असं शिकवलं, आणि कोणीतरी तो एका लहान मुलीच्या टाचेसाठी इतका हळू वापरतंय.

बाबा मोजा हातात घेऊन उभे होते. चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "माझ्या पायातून धूर निघतोय."

"बघतोय मी."

"आगगाडीसारखा."

"हलू नकोस आगगाडी," डॉक्टर म्हणाल्या.

*

पुढचे आठवडे पट्ट्यांचे. टाच दुखली, चांगलीच दुखली, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. चामखिळी कधीकधी परत येतात हेही सांगितलं होतं, त्यामुळे मी पट्टी बदलताना प्रत्येक सावलीला दचकायचे. पण पट्टी बदलू द्यायची की नाही हे भिंगरी ठरवायची. आधी विचारावं लागायचं. "दुखेल का?" याचं खरं उत्तर द्यावं लागायचं. "सुटताना ओढेल, मग नाही," असं म्हटलं की ती थोडा वेळ घ्यायची आणि मग पाय पुढे करायची, माझ्याकडे. बाबांकडे अजून नाही. ते दारातच थांबायचे, पट्टी कापून द्यायचे आणि निघून जायचे.

शेवटच्या तपासणीला आम्ही चौघंही गेलो. उंच खुर्ची, खाली स्टूल. पट्टीखाली आता फक्त गुलाबी कातडी होती. डॉक्टरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि मग स्टुलावरून उठून मला म्हणाल्या, "आई, तुम्ही बसा इथे. बघण्यासारखं आहे."

मी बसले. भिंगाखाली तिची टाच एवढी मोठी झाली की ती टाच वाटेना. एखाद्या नांगरलेल्या शेताकडे खूप उंचावरून बघावं तशा रेषा, एकमेकींना न शिवता वळत गेलेल्या. आणि मधल्या गुलाबी जागेत त्याच रेषा, अजून फिकट, कडेकडून आत येत होत्या. डावीकडची एक उजवीकडच्या एकीला जाऊन मिळाली होती. बरोबर तिलाच. मी शोधलं, पण कुठेही एखादी रेषा चुकून दुसरीला जोडलेली दिसली नाही.

"हे कसं कळतं तिला?" मी विचारलं. "कातडीला?"

"खालचा थर शाबूत राहिला की ती आपली आपण आखून घेते," डॉक्टर म्हणाल्या. "इतकं मी सांगू शकते. पण कसं कळतं म्हणाल तर, मी रोज बघते आणि रोज थांबते इथे."

"बाबा, बघा," मी उठले.

बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "बघू?"

भिंगरीने विचार केला. "बघा. पण हात नाही."

"हात नाही."

ते स्टुलावर बसले, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि भिंगावर वाकले. वाकले ते वाकलेच. इतका वेळ की नवऱ्याने मला कोपर लावलं. मग त्यांनी धरून ठेवलेला श्वास एकदम सोडला, आणि तो थेट टाचेवर गेला.

पाय झटक्यात मागे गेला. आम्ही चौघं मोठी माणसं जागच्या जागी थिजलो.

"गुदगुल्या," भिंगरी म्हणाली.

तिलाच जणू ते नवीन होतं. तिने पाय मांडीवर घेऊन टाच स्वतः चाचपली, मग हसली, मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून आणखी हसली. आणि मग तो पाय तिने पुन्हा पुढे केला, भिंगाच्याही पुढे, पार आजोबांच्या नाकापर्यंत.

"आजोबा, परत करा ना."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फुंकर घातली.